प्रवासातली साथ

मराठी भाषा मोठी खट्याळ आहे. ज्या शब्दाने ती माणसाला धीर देते, त्याच शब्दाने त्याची गाळणही उडवते. 'साथ' हाच शब्द घ्या. पूर्वी कोणी लांबच्या गावाला निघाला, की घरातली वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारीत, "साथ कुणाची आहे?" साथ आहे म्हटले, की सगळ्यांचा जीव भांड्यात पडे. आणि पुढच्याच महिन्यात गावात पटकीने चार माणसे गेली, की तीच मंडळी दाराला आतून कडी घालून कुजबुजत, "साथ आलीय." म्हणजे एक साथ नसेल तर घराबाहेर पडायचे नाही, आणि दुसरी असेल तर मुळीच पडायचे नाही. आमच्या पूर्वजांनी या दोन गोष्टींना एकच शब्द ठेवला तो आळसाने नव्हे. या दोन्ही साथी एकाच गाडीने, एकाच बाकावर बसून प्रवास करतात, हे त्यांनी ओळखले असावे.

रोगाला पाय नसतात. तो आपला आपण कुठे जात नाही. त्याला कोणीतरी न्यावे लागते. या बाबतीत रोगासारखा चिकट पाहुणा नाही. तिकीट काढत नाही, सामानाचे भाडे भरत नाही, आणि दर पिढीत त्या पिढीतले सर्वांत नवे वाहन शोधून काढतो. १८९४ साली हाँगकाँगला असलेला प्लेग १८९६ साली आगबोटीने मुंबई बंदरात उतरला आणि पुढे आगगाडीने देशभर गेला. १९१८ चा इन्फ्लुएंझा जहाजातून उतरला आणि त्यानेही रेल्वेचाच पास काढला. २०२० साली कोरोना आला तो थेट विमानातून. ३० जानेवारी २०२० ला केरळात सापडलेला देशातला पहिला रुग्ण वुहानहून परतलेला विद्यार्थी होता, आणि मार्चमध्ये पुण्यात सापडलेले महाराष्ट्रातले पहिले रुग्ण दुबईची सहल करून आले होते. बैलगाडीने आलेला रोग गावच्या वेशीपर्यंत मुक्कामाला राही. हल्लीचे रोग सकाळचा चहा एका देशात घेतात आणि रात्रीचे जेवण दुसऱ्या.

मग माणसाने काय करावे? रोग दिसत नाही, गाडी दिसते. तेव्हा गाडी थांबवावी. ही अक्कल जुनीच आहे. एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा नावाच्या बंदराने, ज्याला आता दुब्रोव्हनिक म्हणतात, १३७७ साली नियम केला, की साथीच्या मुलखातून येणाऱ्याने तीस दिवस बाहेर थांबावे आणि मगच गावात यावे. पुढे या तिसाचे चाळीस झाले. इटालियन भाषेत चाळिसाला 'क्वारांता' म्हणतात, त्यावरून 'क्वारंटाइन' शब्द आला. चाळीस दिवस म्हणजे आपला सव्वा महिनाच की! आमच्या घरोघरच्या आज्यांनी बाळंतिणीला लावलेला नियम त्या लोकांनी जहाजाला लावला, एवढेच. फरक असा, की बाळंतिणीला या काळात डिंकाचे लाडू मिळत. जहाजावरच्या खलाशांना ते मिळाल्याची नोंद मी कुठे वाचलेली नाही.

आमची आजी हे सगळे 'प्लेगच्या साली' या दोन शब्दांत सांगायची. तिला सन, शक काही कळत नसे. अमक्याचे लग्न प्लेगच्या आधी, तमका जन्मला तो झोपडीत, असा तिचा हिशेब. 'झोपडीत' म्हणजे गरिबीत नव्हे. घरात उंदीर पडला, की गाव उठायचा. पडला म्हणजे पाय घसरून नव्हे, मरून पडायचा. मग लोक घराला कुलूप लावून, दोन भांडी आणि चार पांघरुणे घेऊन शेतातल्या झोपड्यांत राहायला जात. महिन्या-दोन महिन्यांनी परत येत. "आम्हा पोरांना मजा वाटायची रे," आजी म्हणायची, "परत येताना मोजायला लागलं, की मजा जायची." किती माणसे गेली होती आणि किती परत आली, ते मोजायला.

मुंबईची गोष्ट निराळी. मुंबईला शेत नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या गल्ल्यांमधून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेगच आहे असे निदान केले. सुरुवातीला अनेकांना ते पटले नाही. प्लेग आपल्या गावात नाहीच, असे प्रत्येक गावाला पहिले काही दिवस वाटत असते. पण पटल्यावर मुंबईकराने जे केले ते मुंबईकरच करू शकतो. त्याने गाडी पकडली! १८९७ च्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुमारे साडेआठ लाखांच्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली. आगगाडीने गेली, आगबोटीने गेली, बैलगाडीने गेली, चालत गेली. बोरीबंदरवर ज्यांना डब्यात शिरायला मिळाले नसेल त्यांचे दुःख मी समजू शकतो. डोंबिवलीहून व्हीटीला एकतीस वर्षे नोकरीसाठी गेलेला माणूस आहे मी. जीव वाचवायला निघालेल्या गर्दीत आणि मस्टर वाचवायला निघालेल्या गर्दीत कोपर मारण्याच्या पद्धतीत फारसा फरक नसावा.

सरकारला जाग आली आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. दोन पानांत मावेल, चार-पाच कलमांत संपेल, असा हा कायदा. माझ्या हाउसिंग सोसायटीचे पार्किंगचे नियमसुद्धा यापेक्षा लांब आहेत. पण त्या एवढ्याशा कायद्यात रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार आवर्जून लिहिलेला आहे. इंग्रजाने कायदा रोगासाठी केला खरा, पण त्याची नजर होती ती उतारूवर.

ही तपासणी कल्याणला होई. गाडी थांबली, की डॉक्टर येत. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना फलाटावर उतरवून रांगेत उभे करीत. ताप पाहत. मानेला, काखेत, जांघेत गाठ आहे का ते चाचपून बघत. वरच्या वर्गातल्या साहेबलोकांना मात्र डब्यातच, बसल्या जागी, अदबीने पाहून घेत. प्लेगच्या जंतूला तिकिटाचा रंग कळतो, अशी त्या काळच्या वैद्यकाची समजूत दिसते. बायकांना परक्या पुरुषाने चारचौघांत हात लावावा, या कल्पनेनेच किती जणांनी मुंबई सोडायचा बेत रद्द केला असेल आणि किती जणी आडवाटेने चालत गेल्या असतील, त्याचा हिशेब कुठल्या अहवालात सापडायचा? मराठीत 'गाठ पडणे' म्हणजे भेट होणे. त्या वर्षी कल्याणच्या फलाटावर डॉक्टरची आणि उतारूची गाठ पडे ती मात्र निराळ्या अर्थाने, आणि ती पडू नये म्हणून उतारू सगळ्या देवांना नवस बोलत असे.

मद्रास इलाख्यात त्याहून पुढची मजल. साथीच्या मुलखातून येणाऱ्याच्या हातात 'प्लेग पासपोर्ट' नावाचा कागद देत, आणि त्याने पुढचे दहा दिवस रोज अधिकाऱ्यापुढे हजेरी लावायची. मला हे वाचून हसू आले होते. मग मार्च २०२० उजाडला. घरातच राहा असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्या डाव्या हातावर महाराष्ट्र सरकारने निवडणुकीतल्या शाईचा शिक्का मारायला सुरुवात केली. कागद हरवतो, हात हरवत नाही, हा सव्वाशे वर्षांतला सुधार. आणि असे शिक्के घेऊन चार जण रेल्वेने निघाले, सहप्रवाशांनी हात पाहिले, आणि पालघरला त्यांना उतरवले. ज्या देशात गाडीत शेजारी बसलेला माणूस पाच मिनिटांत आपली जात, पगार आणि मुलीचे लग्न जमले का ते काढून घेतो, तिथे हातावरचा शिक्का किती वेळ लपणार?

प्लेगच्या त्या पळापळीत एक गमतीची गोष्ट घडली. गमतीची म्हणजे आता वाचताना गमतीची. गिरण्या चालवायला माणसे उरली नाहीत. एरवी महिन्याचा पगार महिनाभर थकवणारे गिरणीवाले रोजच्या रोज पैसे मोजू लागले, आणि रस्त्याच्या नाक्यावर कामगारासाठी बोली लागू लागली. याने बारा आणे म्हटले, की त्याने रुपया म्हणावे, असा प्रकार. आणि महापालिकेची झोप उडाली ती आणखी एका भीतीने. शहरातला मैला वाहणारे हलालखोर निघून गेले तर? शेठजी गेले, वकील गेले, कारकून गेले, शहर तगून राहिले. पण हे लोक गेले तर मुंबई आठ दिवसांत राहण्याजोगी उरणार नाही, हे गोऱ्या अधिकाऱ्यांना नेमके कळले होते. म्हणून कडक नियम लावताना ते या लोकांच्या तोंडाकडे बघत. ज्यांची सावली पडू नये म्हणून लोक रस्ता बदलत, त्यांनी रस्ता धरू नये म्हणून सरकार हात जोडत होते.

पुण्यात काय झाले ते शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. रँडसाहेबाने रोग शोधायला गोरे सोजीर घराघरांत घातले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर बग्गीतून परतताना चाफेकरांनी त्याला गाठले. या गोळीचा आवाज इतका मोठा झाला, की त्याच्या तीन महिने आधी त्याच पुण्याच्या शिवारात झालेला एक प्रवास कोणाला ऐकूच आला नाही. मुंढव्याचा एक मुलगा प्लेगने आजारी होता. त्याला दवाखान्यात न्यायला गाडी नव्हती, डोली नव्हती, आणि असती तरी वाहायला माणूस मिळाला नसता. सावित्रीबाई फुल्यांनी त्या मुलाला पाठीवर घेतले आणि डॉक्टर यशवंताच्या दवाखान्यात नेऊन पोचवले. त्या वेळी त्यांचे वय साठीच्या पुढे होते. त्यांना स्वतःला प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. वाहतुकीच्या इतिहासात वाफेचे इंजिन येते, मोटार येते, विमान येते. हे वाहन येत नाही. माझ्या मते यायला हवे.

प्लेगने मुंबईला रस्ते दिले, हेही ऐकून ठेवा. दाट वस्तीत वारा खेळत नाही म्हणून रोग माजतो, असे ठरले, आणि १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने जुन्या गल्ल्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला. समुद्रावरची हवा गावात यावी म्हणून काढलेल्या या रस्त्यांवरून पुढे मोटारी आल्या आणि त्यांनी आपली हवा सोडली, हा भाग वेगळा. माणसे उत्तरेला सरकावीत म्हणून दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे नव्या वसाहती आखल्या. म्हणजे दादरच्या हिंदू कॉलनीतला एखादा गृहस्थ ऐसपैस गॅलरीत बसून पेपर वाचत असेल, तर त्याने दिवसातून एकदा तरी मांडवीच्या त्या उंदराचे स्मरण करावे. आणि माणूस एकदा उत्तरेला सरकू लागला तो थांबतो कुठे? दादरचा ठाण्याला, ठाण्याचा डोंबिवलीला. मी रोज दीड तास लोंबकळत ऑफिसला गेलो, त्याची सुरुवात उंदराने केली होती.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात गाड्या कोणी थांबवल्या नाहीत. महायुद्ध चालू होते. सैनिक न्यायचे होते, धान्य न्यायचे होते. रेल्वेने माणसांबरोबर तापही इमानेइतबारे पोचवला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी एकट्या मुंबईत ७६८ माणसे मेली. हिंदुस्थानात किती गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. त्यानंतर आपल्या लोकसंख्येने असा प्रकार पुन्हा कधी केलेला नाही.

मग आला २०२०. २२ मार्च, रविवार. सकाळपासून जनता संचारबंदी, संध्याकाळी पाच वाजता थाळ्या. आमच्या इमारतीत कोणी थाळी वाजवली, कोणी घंटा वाजवली, सेक्रेटरींनी स्टीलचा डबा वाजवला आणि तो चेपला. त्या रात्रीपासून लोकल बंद झाली. २५ मार्चपासून सगळा देशच बंद झाला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, त्यानंतर देशभरातल्या उतारूंच्या गाड्या अशा एकदम थांबल्या नव्हत्या. १९७४ च्या मोठ्या संपातदेखील काही गाड्या धावतच होत्या. रोज पाऊण कोटी माणसे वाहणारी मुंबईची लोकल उभी राहिली.

आमचे घर रुळांना लागून आहे. घरात घड्याळे चार, पण वेळ पाहायची ती गाडीवर. "ती फास्ट गेली, कुकर लावा." "कर्जत आली, दूध आत घ्या." हे सगळे एका रात्रीत कोसळले. पहिल्या रात्री आम्ही दोघेही तीन वाजता दचकून उठलो.

"काय झालं हो?" हिने विचारले.

"काही नाही. आवाज आला नाही."

चाळीस वर्षे गाडीच्या आवाजाने ज्यांची झोप मोडली नाही, त्यांची झोप शांततेने मोडली. पुढचे पंधरा दिवस आमच्याकडे भात एक तर कच्चा राहिला नाही तर करपला.

तशी माणसाला घरात कोंडायला सरकारच लागते असे नाही. आमच्या सेक्रेटरींनी १८९७ चा कायदा वाचलेला नाही, पण तो त्यांच्या रक्तात असावा. त्यांनी फाटकाला दोरी बांधली, लिफ्टमध्ये चार कोपऱ्यांत चार गोल आखले आणि मग दोघांनाच परवानगी दिली. वॉचमनच्या हातात ताप पाहायचे पिस्तूल दिले. ज्या वॉचमनला सहा वर्षे आम्ही "अरे, जरा फाटक उघड" एवढेच म्हणत होतो, तो आता आमच्या कपाळावर नेम धरून उभा राहू लागला.

जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागे, आणि त्यासाठी कारण लागे. लग्न, आजार, मरण, अशी मोजकी कारणे चालत. सहज जाऊन यावेसे वाटते, हे कारण यादीत नव्हते; आणि माणसाचे निम्मे प्रवास याच कारणाने होतात. पुढल्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, मुंबई पोलिसांनी गाड्यांना रंगीत टिकल्या लावायला सांगितल्या. डॉक्टरांना लाल, भाजीपाल्याला हिरवी, इतर अत्यावश्यक सेवांना पिवळी. तेव्हा एका तरुणाने पोलिसांनाच विचारले, की मला प्रेयसीला भेटायचे आहे, तर कुठला रंग लावू? पोलिसांनीही त्याला समजुतीने उत्तर दिले, की तुमच्यासाठी हे अत्यावश्यक आहे हे आम्ही जाणतो, पण आमच्या यादीत ते बसत नाही. कालिदासाच्या यक्षाला निदान ढग तरी मिळाला होता, आणि ढगाला पास लागत नव्हता.

'अत्यावश्यक' या शब्दाने त्या वर्षी पुष्कळांची जागा दाखवून दिली. माझी सून परळच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. लोकल बंद, म्हणून तिच्यासारख्यांसाठी एसटीच्या गाड्या सोडल्या होत्या. पहाटे पावणेपाचला ती गळ्यात ओळखपत्र अडकवून निघे. ड्रायव्हर, कंडक्टर आणि एका बाकावर एक माणूस, अशी ती गाडी जाई. आमचा मुलगा टेबलाशी बसून जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कंपनीचे काम करी आणि मी त्याच्या मागून आवाज न करता चहा नेऊन ठेवी. एकतीस वर्षे मला वाटत होते, की मी आठ तेराची पकडली नाही तर मुंबईचे काही खरे नाही. आता कळले, की मुंबई चालवायला लागते ती परिचारिका, झाडूवाला, बसचा ड्रायव्हर. हलालखोरांकडे बघणाऱ्या त्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हे १८९७ सालीच समजले होते. बेस्टचे आणि एसटीचे कितीतरी चालक-वाहक त्या काळात कोरोनाने गेले. त्यांच्या हातून आम्ही आयुष्यभर सुट्टे पैसे घेतले आणि नेहमी मोजून घेतले.

एसटीने तर त्या वर्षी काय केले नाही! राजस्थानातल्या कोट्याला अडकलेली मुले आणायला धुळ्याहून गाड्या गेल्या. कोकणातून आंब्याच्या पेट्या आल्या. माणसांची गाडी आंबे वाहू लागली तेव्हा हापूसला पहिल्यांदाच खिडकीजवळची जागा मिळाली. आणि ३० जून २०२० ला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीने पंढरपूरला गेल्या. अठरा-वीस दिवस लाखो पायांनी चालणारी वारी काही तासांत पोचली. मोजक्या वीसेक वारकऱ्यांनी मास्क लावून अभंग म्हटले. टीव्हीवर पाहताना ही मला म्हणाली, "देव आज लवकर पोचला, पण एकटाच पोचला." गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनाही एका गाडीत बावीस जण आणि गावी गेल्यावर दहा दिवस वेगळे राहायचे, असा नियम होता. बाप्पा दीड दिवसाचा आणि सुतक दहा दिवसांचे, असे कोकणात आधी कधी झाले नसेल.

आता हसून झाले. जे चालत गेले त्यांचे सांगायचे राहिले.

काम बंद झाले, भाडे थकले, गाडी नाही. मग लाखो माणसे रस्त्याने निघाली. मुंबईहून, पुण्याहून, सुरतेहून, दिल्लीहून. उत्तर प्रदेशात, बिहारात, मध्य प्रदेशात, आणि आपल्या मराठवाड्यात, विदर्भातही. डोक्यावर बोचके, कडेवर मूल. एक पंधरा वर्षांची मुलगी आजारी बापाला सायकलवर मागे बसवून गुडगावहून दरभंग्याला गेली, सुमारे बाराशे किलोमीटर. लोकांनी तिचे कौतुक केले, बक्षिसे दिली. मला मुंढव्याच्या त्या मुलाची आठवण झाली. सव्वाशे वर्षांत जग विमानापर्यंत पोचले आणि गरिबाचे रुग्णवाहन मात्र पाठीवरून सायकलच्या कॅरिअरपर्यंतच आले.

जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले काही मजूर रुळांच्या कडेने भुसावळकडे निघाले होते. तिथून आपल्या मुलखाकडे गाडी सुटेल असे त्यांनी ऐकले होते. रात्री चालून, तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडपाशी ते थकून रुळांवरच झोपले. रेल्वे बंद आहे, हे साऱ्या देशाला ठाऊक होते. ८ मे २०२० च्या पहाटे तिथून मालगाडी गेली. सोळा जण गेले. सकाळी रुळांवर त्यांच्या शिदोरीच्या पोळ्या पसरलेल्या होत्या.

रेल्वे बंद आहे असे आम्हीही दिवसातून दहा वेळा म्हणत होतो. पण बंद होत्या त्या उतारूंच्या गाड्या. मालगाड्या धावत होत्या. त्या धावत होत्या म्हणून आमच्या डब्यात डाळ होती. आमच्या घरावरूनही त्या रात्री-अपरात्री जात. त्यातली एखादी गेली, की आम्हाला बरे वाटे, जुन्या आवाजाने झोप लागे. त्या पहाटेनंतर कित्येक दिवस मालगाडीचा आवाज आला, की मी उठून बसत असे.

श्रमिकांसाठी खास गाड्या सुरू झाल्या त्या १ मेपासून. देश बंद झाल्याला तेव्हा पाच आठवडे होऊन गेले होते. पुढे त्या गाड्यांतून साठ लाखांहून अधिक माणसे गावी गेली. म्हणजे गाड्या होत्या, रूळ होते, ड्रायव्हर होते, आणि जाणारेही होते. आणि पावसाळा उलटायच्या आत ठेकेदार त्याच माणसांना परत आणायला गाड्या पाठवू लागले, काहींनी तर विमानाची तिकिटे पाठवली. नाक्यावरची बोली पुन्हा सुरू झाली.

लोकल परत आली तीही हप्त्याहप्त्याने. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवकांसाठी. २१ ऑक्टोबरपासून सगळ्या बायकांसाठी, सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. मी एकतीस वर्षांचा अनुभवी मनुष्य घरात, आणि ही दादरला जाऊन साबुदाणा घेऊन आली!

"कशी होती गाडी?" मी विचारले.

"बसायला मिळालं," ती म्हणाली. "खिडकी."

त्यावर मी काही बोललो नाही. काही गोष्टी पुरुषाला आयुष्यात ऐकून घ्याव्या लागतात.

१ फेब्रुवारी २०२१ ला आम्हा बाकीच्यांना ठरावीक वेळी मुभा मिळाली, एप्रिलमध्ये गेली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन लशी घेऊन चौदा दिवस झालेल्यांना पुन्हा मिळाली. लशीचा कागद, त्यावरून पास, पासावरून तिकीट. मद्रासचा प्लेग पासपोर्ट खिशात घालून मी फलाटावर उभा राहिलो. गाडी आली. डब्यात माणसे कमी होती, सगळ्यांची तोंडे झाकलेली होती. तिसऱ्या सीटवर एकाने सरकून चौथ्या सीटची जागा करून दिली. ती चार बोटांची जागा, जिच्यावरून मी आयुष्यभर भांडलो, त्या दिवशी कोणीतरी न मागता दिली. मी बसलो. मला ठाऊक होते, की याच्या नाकातोंडातून काय येईल ते सांगता येत नाही, आणि माझ्याबद्दल त्यालाही तेच वाटत असणार. तरी तो आणखी जरा सरकला.

"बसा नीट," तो म्हणाला. "कुठवर?"

मी म्हटले, "दादर."

"मग साथ आहे," तो म्हणाला.